विज्ञानाचा नकाशा : आधी शब्द निवडा

समजा वर्गातील चाळीस जणांना आवडत्या फळाचे नाव चिठ्ठीवर लिहायला सांगितले. चौदा जणांना आंबा आवडतो. पण पाच जणांनी 'आंबा' लिहिले, चौघांनी 'आंबे', तिघांनी 'हापूस' आणि दोघांनी 'मँगो'. केळ्याला मते नऊच. तरी चिठ्ठ्या जशाच्या तशा मोजल्या, तर केळे पहिले येईल! मोजणी बिनचूक, निष्कर्ष मात्र चुकीचा.

विज्ञानातील संशोधनाचे नकाशे काढणाऱ्यांपुढे हीच अडचण असते. शोधनिबंधाच्या सारांशाखाली लेखक बहुधा चार-सहा सूचक शब्द देतो. दोन शब्द एकाच निबंधात आले, तर त्या विषयांत काही नाते आहे असे मानता येते. या कल्पनेवर आधारलेली पद्धत फ्रान्समधील मिशेल कालाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. प्रत्येक शब्द म्हणजे एक गाव. जोडीने येणाऱ्या शब्दांमध्ये रस्ता. जितके निबंध अधिक, तितका रस्ता रुंद. हे काम आता संगणक क्षणात करतो. पण त्याला अक्षरे ओळखता येतात, अर्थ नव्हे. म्हणून जात्यावर बसण्यापूर्वी दळण निवडावे, तसे शब्द आधी निवडावे लागतात.

कसे? प्रथम, दोन सूच्यांतून दोनदा आलेला निबंध एकदाच ठेवायचा. मग एकवचन-अनेकवचन, ब्रिटिश व अमेरिकन स्पेलिंग, पूर्ण नाव व संक्षेप यांतून एकच रूप निवडायचे. समजा 'एलईडी', 'लाइट एमिटिंग डायोड' आणि त्याचे अनेकवचन ही रूपे अनुक्रमे ४, ३ व ४ वेगवेगळ्या निबंधांत आहेत. पाचपेक्षा कमी वेळा आलेले शब्द गाळायचे ठरवले, तर तिन्ही जातील व महत्त्वाचा विषय नकाशावरून पुसला जाईल. एकत्र केल्यास ते ११ होतात.

उलट, 'प्लाझ्मा' हा शब्द एकच. पण भौतिकीत तो आयनित वायू, वैद्यकात रक्तातील द्रव. तो वेगळा केला नाही, तर तारे आणि रक्तपेढी शेजारी येतील! 'अभ्यास', 'पद्धत' असे शब्द सर्वांशीच जोडले जातात, ते काढावेत.

एकत्र करण्याचा अतिरेकही घातक. १९२८ साली शोधलेला 'रामन परिणाम' ही निसर्गातील घटना. 'रामन वर्णपटशास्त्र' हे तिच्यावर उभारलेले तंत्र. दोन्ही एक केले, तर घटनेपासून तंत्रापर्यंतचा प्रवास दिसणारच नाही. म्हणून कोणता शब्द कशात मिळवला व का, हे दोन रकान्यांच्या वहीत नोंदवावे. दुसऱ्याला ते तपासता आले पाहिजे.

एवढी काळजी कशासाठी? अमेरिकेतील डॉन स्वान्सन यांनी १९८६ मध्ये दोन निराळे निबंधसमूह पडताळले. एकात माशाच्या तेलाने रक्ताची विष्यंदिता, म्हणजे दाटपणा, कमी होतो असे होते. दुसऱ्यात थंडीने बोटे पांढरी पडण्याच्या रेनो विकारात ती वाढलेली असते असे होते. दोन्ही बाजूंच्या लेखकांना एकमेकांचा पत्ता नव्हता. या तेलाचा रुग्णांना उपयोग व्हावा, असे स्वान्सन यांनी सुचवले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत काही रुग्णांची थंडी सोसण्याची शक्ती तेलाने वाढल्याचे आढळले. दोन गावांना जोडणारा पूल होता तो 'विष्यंदिता' हा शब्द. एका बाजूला 'विष्यंदिता' व दुसऱ्या बाजूला 'दाटपणा' असे लिहिलेले असते आणि ते कोणी एकत्र केले नसते, तर संगणकाला हा पूल दिसला नसता.

करून पाहा : ग्रंथालयातील विज्ञान मासिकांचे तीस लेख घ्या. प्रत्येकासाठी एका कार्डावर चार शब्द लिहा. वर्गाचे दोन गट करून प्रत्येकाने शब्द स्वतंत्रपणे निवडावेत आणि नकाशा काढावा. नकाशे जिथे जुळणार नाहीत, तिथे दोन्ही वह्या उघडा. खरी चर्चा तिथेच सुरू होईल.