राखणीचें पिलूं व त्याचें पोट

राखणीसाठीं आणिलेलें पिलूं पहिल्या दोन दिवसांतच हगवणीनें बेजार होतें, हा अनुभव बहुतेक कृषिबंधूंस असेलच. आई सुटली, जागा पालटली, अन्न पालटलें. पोट बिघडण्यास एवढें पुरें होतें. त्यांत घरांतील मंडळी दयेनें दुधाची वाटी पुढें करितात. दुधांतील साखर पिलास नीट पचत नाहीं, हगवण वाढते, आणि दोष मात्र पिलाच्या जातीस दिला जातो!

पिलूं खेळत असेल तर घाबरूं नये. दूध बंद करून मऊ भात व बिनमसाल्याचें उकडलेलें कोंबडीचें मांस दिवसांतून चार-पांच वेळां थोडथोडें द्यावें. त्यांत कांदा किंवा लसूण घालूं नये. कुत्र्यास तीं विषारी आहेत. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावें. लहान पिलास उपाशी ठेवूं नये, व माणसांच्या गोळ्या तर मुळींच देऊं नयेत. जंतांचें औषध पशुवैद्यास विचारून वजनाप्रमाणें द्यावें.

परंतु वांत्या, रक्तमिश्रित दुर्गंधी हगवण व मलूलपणा दिसल्यास पार्व्होचा संशय धरून त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. १९७८ सालीं प्रथम ओळखला गेलेला हा रोग पिलास दोन-तीन दिवसांतही नेतो. आम्हीं कचेरींतील संवयीप्रमाणें ‘उद्यां पाहूं’ म्हटलें, आणि पिलूं गमाविलें. या रोगाचे विषाणू मातींत महिनोन्महिने टिकतात. म्हणून त्या जागीं दुसरें पिलूं लगेच आणूं नये. पिलूं सहा ते आठ आठवड्यांचें असतां पहिली लस टोंचवावी, व तें सोळा आठवड्यांचें होईपर्यंत पशुवैद्य सांगतील त्या अंतरानें पुढील लसी द्याव्या.