आठवण अडते तेव्हा

19 जुलै 2023च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. अशा आपत्तीतून वाचलेल्या माणसाला लगेच विचारले जाते : किती वाजले होते? घरात कोण कोण होते? उत्तर अडखळले की ऐकणाऱ्याला शंका येते. ती शंका शास्त्राला धरून नाही.

26 जुलै 2005ला कर्जतमध्ये उल्हास नदीचे पाणी आमच्या ओटीवर आले. कंदिलाच्या काचेवरची काजळी मला आजही दिसते. पण तांदळाचा डबा माळ्यावर कोणी चढवला, हे मला त्याच आठवड्यात सांगता येईना.

असे का होते? धोका दिसताच मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी काही क्षणांत अॅड्रिनलिन सोडतात. कॉर्टिसॉल सावकाश चढते आणि साधारण वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठते. मेंदूतला अमिग्डाला हा भाग त्या वेळच्या अनुभवावर जणू ‘महत्त्वाचे’ असा शिक्का मारतो. 1994 साली काहिल आणि मॅकगॉ यांनी निरोगी माणसांना एका अपघाताची गोष्ट चित्रांसह दाखवली. अॅड्रिनलिनचा परिणाम रोखणारे प्रोप्रॅनोलॉल ज्यांना आधी दिले होते, त्यांना गोष्टीतला हेलावणारा भाग इतरांइतका ठळक आठवला नाही. साधा भाग मात्र दोन्ही गटांना सारखाच आठवला.

ही झाली नोंद होण्याची बाजू. नोंद बाहेर काढण्याची बाजू उलटी आहे. 2000 साली द क्वेर्वें आणि सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांकडून शब्दांची यादी पाठ करून घेतली. दुसऱ्या दिवशी चाचणीच्या तासभर आधी 25 मिलिग्रॅम कॉर्टिसोन घेतलेल्यांना कमी शब्द आठवले. तीच गोळी पाठांतराच्या वेळी दिली, तेव्हा आठवण घटली नाही. म्हणजे शब्द पुसले गेले नव्हते. वाट तेवढी अडली होती.

प्रयोगशाळेतली यादी आणि कोसळणारा डोंगर यांची बरोबरी नाही, आणि ठळक आठवण बिनचूक असतेच असेही नाही. तरी एवढे नक्की : घाबरलेल्या माणसावर प्रश्नांचा मारा केला, तर जे आठवायचे त्याचीच वाट आपण बंद करतो. पंचनामा करणाऱ्याने, बातमीदाराने आणि नातेवाइकानेही आधी पाणी द्यावे, बसू द्यावे, त्याच्या कलाने बोलू द्यावे. काही दिवसांनी पुन्हा विचारावे. तेव्हा जास्त आठवले, तर पहिले बोलणे खोटे ठरत नाही.