हिरव्या लेबलामागचे कोरे रकाने

शिरूरच्या घोडकाठापासून दौंडच्या भीमाकाठापर्यंतचा मुलूख उसासाठी जसा ओळखला जातो, तसाच आता कारखान्यांसाठीही ओळखला जातो. शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. दौंड तालुक्यातील कुरकुंभ रासायनिक कारखान्यांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. या दोन्ही तालुक्यांतील महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या कित्येक मुलांची पुढली भाकरी याच वसाहतींत आहे. म्हणूनच सध्या रसायनशास्त्रात फार गौरवाने उच्चारल्या जाणाऱ्या 'हरित द्रावक' या शब्दाचा हिशेब येथे मांडणे अगत्याचे वाटते.

द्रावकावाचून प्रयोगशाळा चालत नाही. पदार्थ विरघळवावयाचा, अर्क काढावयाचा, भांडे धुवावयाचे, तर द्रावक हवाच. बेंझिन, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोमिथेन ही जुनी मंडळी घातक ठरली. १९९८ साली अनास्टास आणि वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, आणि द्रावक टाळावा अथवा निरुपद्रवी वापरावा हे त्यांतील एक तत्त्व होते. तत्त्व निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो एखादा द्रावक निरुपद्रवी असल्याचे ठरवावयाचे कोणी आणि कशाच्या आधारे, हा.

आपल्या परिसराला जवळचे उदाहरण घेऊ. उसाच्या चिपाडापासून फरफ्युराल मिळते आणि फरफ्युरालपासून टू-मिथाइल टेट्राहायड्रोफ्यूरान नावाचा द्रावक तयार होतो. शेतातून आला म्हणून तो हरित. परंतु मधला टप्पा असलेले फरफ्युराल स्वतः विषारी आहे. द्रावकाचा ज्वलनबिंदू उणे ११ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या कडाक्याच्या थंडीतही त्याची वाफ ठिणगीने पेट घेईल. हवेच्या संपर्कात तो स्फोटक पेरॉक्साइडे निर्माण करतो. जुन्या बाटलीतील द्रव तपासणी न करता ऊर्ध्वपातनाने कोरडा होईपर्यंत आटविला तर अपघात संभवतो. द्रावक उसापासून निघाला की भूगर्भातील तेलापासून, याची विचारपूस पेरॉक्साइड करीत नाही. 'हरित' हे विशेषण उगमाविषयी बोलते. शरीरावरील परिणामाविषयी ते मौन पाळते.

हे मौन किती महागात पडते याचे दाखले आहेत. ओझोनचा थर विरविणाऱ्या द्रावकांना पर्याय म्हणून वन-ब्रोमोप्रोपेन पुढे आणले गेले. अमेरिकेत फोमच्या गाद्यागिर्द्या चिकटविणाऱ्या कामगारांच्या मज्जातंतूंना त्याने इजा पोहोचविली. पुढे प्राण्यांवरील चाचण्यांत ते कर्करोगकारकही ठरले. २०२२ साली तेथील पर्यावरण संस्थेने त्याचा घातक वायुप्रदूषकांच्या यादीत समावेश केला. एन-मिथाइल पायरोलिडोनची कथा निराळी नाही. डायक्लोरोमिथेनच्या जागी सौम्य पर्याय म्हणून आलेला हा द्रावक २०११ साली प्रजननास अपायकारक म्हणून युरोपच्या अतिचिंताजनक द्रव्यांच्या यादीत गेला. आयनी द्रवांची वाफ होत नाही, म्हणून ते हरित, असा डंका पिटला गेला; त्यांपैकी अनेक जलचरांना विषारी असल्याचे मागाहून कळले. प्रत्येक वेळी क्रम एकच: आधी वापर, मग माणूस, शेवटी माहिती.

असे का घडते? कारण विषपरीक्षा खर्चिक असते आणि ती केव्हा करावयाची हे बहुधा वजनावर ठरते. युरोपच्या रासायनिक कायद्याचे तत्त्व 'माहिती नाही तर बाजार नाही' असे आहे. तरीही वर्षाला एक टनाखालील उत्पादनास नोंदणीच लागत नाही आणि दहा, शंभर, हजार टन अशा पायऱ्या चढत गेल्यावर चाचण्यांची मागणी वाढते. नवा द्रावक थोडाच खपतो, म्हणून त्याच्या चाचण्या थोड्या. आणि चाचण्या थोड्या, म्हणून त्याच्यावरचे ठपकेही थोडे! निकालपत्रावर नापासाचा शेरा नाही याचा अर्थ विद्यार्थी उत्तीर्ण झाला असा कोणता शिक्षक घेईल? तो परीक्षेलाच बसला नसेल. २०१६ सालच्या 'केम २१' या द्रावक-निवडीच्या मार्गदर्शिकेने ही खोच ओळखली आणि अपुरी माहिती असलेल्या द्रावकाला चांगले गुण न देता सावधपणाचे मधले गुण दिले. जाहिरातदारांकडून मात्र ही सावधगिरी पाळली जात नाही.

आपल्याकडे १९८९ च्या नियमांनी घातक रसायनांसाठी सुरक्षा माहितीपत्रक आवश्यक केले. आज रूढ असलेल्या पत्रकात सोळा विभाग असतात. अकरावा विषपरिणामांचा, बारावा पर्यावरणाचा. नव्या द्रावकाचे पत्रक उघडावे, तर नेमक्या याच विभागांत 'माहिती उपलब्ध नाही' हे वाक्य ओळीने भेटते. पत्रक असणे निराळे आणि त्यातील रकाने भरलेले असणे निराळे.

याचा अर्थ बेंझिनकडे परत जावे असा कोणी करू नये. जुन्या विषाचे विषपण आपल्याला ठाऊक आहे, ते कामगारांच्या देहांनी मोजलेल्या किमतीमुळे. ती किंमत पुन्हा मोजावयास लावू नये, एवढेच मागणे आहे. उपाय अवाक्याबाहेरचे नाहीत. खरेदीचा कागद पुढे सरकविण्यापूर्वी महाविद्यालयातील लिपिकाने माहितीपत्रक मागावे. शिक्षकाने कोऱ्या रकान्यांखाली तांबडी रेघ ओढावी. अज्ञात द्रावक ज्ञात विषाइतक्याच काळजीने, वायुवीजन-कपाटातच हाताळावा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. शक्य तेथे प्रयोग थोडक्या द्रावकात आटोपावा. शासनाने 'हरित' म्हणून विकणाऱ्यावर कोरे रकाने भरण्याची जबाबदारी टाकावी आणि पत्रक मराठीतही द्यावयास लावावे. कारण बाटल्या धुणारा प्रयोगशाळा-परिचर ते वाचू शकला नाही, तर ते कोणासाठी छापले?

शिरूर-दौंडचा विद्यार्थी उद्या कुरकुंभच्या एखाद्या कारखान्यात उभा राहील, तेव्हा त्याच्या फुफ्फुसांत लेबलाचा रंग शिरणार नाही. शिरेल ती वाफ. त्या वाफेविषयी आपल्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे विचारण्याची सवय त्याला वर्गातच लागली पाहिजे.