मंगलवार्ताकाळ आणि कापसाने भरलेले घर

पूर्व सिरियन परंपरेच्या उपासना-वर्षाचा आरंभ ज्या पर्वाने होतो त्यास मंगलवार्ताकाळ म्हणतात. लॅटिन परंपरेतील आगमनकाळाप्रमाणे तोही नाताळापूर्वीचे चार आठवडे व्यापतो. परंतु त्यातील वाचनांचा क्रम निराळा आहे. पहिल्या रविवारी जखऱ्याला झालेली मंगलवार्ता, दुसऱ्या रविवारी पवित्र मरियेला झालेली, तिसऱ्या रविवारी योहानाचा जन्म आणि चौथ्या रविवारी योसेफाचे स्वप्न. १९९९ साली चांदा धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या आदिलाबाद धर्मप्रांतात हीच परंपरा चालते. त्याच्या जोडीला १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा उपवास पाळण्याचा जुना प्रघातही आहे.

या दिवसांत आम्हा धर्मगुरूंचे एक प्रवचन ठरलेले असते. नाताळ आता नवे कपडे, फराळ, आकाशकंदील आणि गाण्यांच्या फेऱ्या यांत हरवला. प्रभूसाठी कोणाला सवड उरली नाही, असा त्याचा सूर असतो. प्रस्तुत लेखकानेही ते अनेकदा केले आहे. आदिलाबाद जिल्ह्यात काही डिसेंबर काढल्यावर मात्र ते करण्याचे धैर्य उरले नाही.

पैनगंगेच्या अलीकडे जैनद, बेला या पट्ट्यात पुष्कळ घरांतून मराठी बोलली जाते आणि डिसेंबर हा कापसाचा महिना असतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाया दिवस मावळेपर्यंत शेत सोडीत नाहीत. वेचलेला कापूस लागलीच विकता येतो असेही नाही. सरकारी खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तरच पूर्ण हमीभाव मिळतो. तो १२ टक्क्यांच्या वर गेला तर कापूस घेतलाच जात नाही. पहाटेचे दव पाहता ही अट सोपी नव्हे. म्हणून कापसाला ऊन दाखवायचे आणि तो घरातच साठवायचा. माजघर आढ्यापर्यंत भरते, माणसे कडेला अंथरूण टाकतात आणि पाहुणा आला तर त्याला बसवावे कोठे, हा प्रश्न पडतो. मुलांचे नवे कपडे, जुनी उधारी, पुढचे बियाणे, सारे त्या ढिगावर अवलंबून. त्या घरच्या माउलीला धावपळ सोडून ध्यानाला बसण्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

येथे संत लूकच्या एका शब्दाकडे लक्ष द्यावयास हवे. बाळाला गव्हाणीत ठेवण्याचे कारण तो जागेचा अभाव असे देतो, आणि ती जागा म्हणजे उतारशाळा, असे आपण मराठीत वाचतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘काटालुमा’. हाच शब्द लूक प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी योजतो (२२:११). चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जी खरोखरीची धर्मशाळा आहे, तिच्यासाठी मात्र त्याने ‘पांडोखेऑन’ हा वेगळा शब्द वापरला आहे (१०:३४). यावरून काही भाष्यकारांनी असे मत मांडले आहे की, बेथलेहेमात भरलेली होती ती एखाद्या घरातील पाहुण्यांची खोली. आणि येशूचा जन्म त्याच घराच्या जनावरे बांधण्याच्या भागात झाला. सर्वांना हे मान्य नाही, मला पटते. दार लावून घेणारा निर्दय उतारशाळावाला आपल्या नाटिकांतून दरवर्षी येतो. शुभवर्तमानात तो नाही. तेथे आहे ते केवळ गच्च भरलेले घर. ते रिकामे होईपर्यंत देव थांबला नाही.

घाईचेही तसेच. देवदूताचा निरोप ऐकल्यावर मरिया डोंगराळ मुलखात जाते ती घाईने (१:३९), मेंढपाळही गव्हाणीकडे घाईनेच जातात (२:१६). जखऱ्याला वार्ता मिळते तीही तो चिठ्ठीने वाट्याला आलेले धूप जाळण्याचे काम करीत असताना. मग मार्थेचे काय चुकले? तिच्या सेवेला प्रभूने दोष दिलेला नाही. लूकने तिच्या स्थितीसाठी जे क्रियापद वापरले आहे (१०:४०), त्याचा अर्थ चहूकडे ओढले जाणे असा आहे. मरियेची घाई अलिशिबेच्या उंबरठ्यावर संपते, मेंढपाळांची गव्हाणीपाशी. मार्थेच्या घाईला मात्र त्या क्षणी पोहोचण्याचे ठिकाणच नाही, प्रभू तिच्याच घरात बसलेला असूनही. आत्मपरीक्षण करावयाचे ते इथे. हात किती कामांत आहेत यापेक्षा ती कामे कोणासाठी चालली आहेत, हे विचारावे.

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची (१६१६) रचना या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर जुन्या कराराच्या कथेला दिलेले आहेत. ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. आधी तयारी देवाने केली, आणि ती फार लांबली. आपली पंचवीस दिवसांची तयारी हा तिला दिलेला तोकडा प्रतिसाद होय.

दोन वर्षांपूर्वी आम्ही या दिवसांतील सायंप्रार्थना प्रार्थनामंदिरातून हलवून आळीपाळीने घरोघरी नेली. एकदा चूल पेटलेली होती, करंज्या तळणे चालू होते. तळणाऱ्या बाईने विचारले, “फादर, हात कामात असताना जपमाळ म्हटली तर चालते का?” चालते, असे मी म्हणालो, आणि मग ध्यानात आले की ती पंचवीस दिवसांचा उपवास पाळीत होती, एवढ्या करंज्या तळूनही तिने एकीची चव घेतली नव्हती. त्याच घरचा कापूस ओला ठरून त्या आठवड्यात बाजारातून परत आला होता. मुलांनी गोठा मांडला होता तो त्या कापसाच्या ढिगाला टेकूनच, आणि गव्हाणीवर बर्फ म्हणून चिमूटभर कापूस पसरला होता. बर्फ कोणीच पाहिलेला नव्हता. मी त्यांना म्हटले, हा कापूसच आहे असे सांगा, आणि गव्हाणीत बाळाच्या अंगाखालीही थोडा घाला.