दार कोणासाठी उघडते?

इमारतींच्या कायद्यावर कवीने बोलावे, हे तुम्हाला थोडे चमत्कारिक वाटेल. मी बी.ए. झालो तो भाषा विषय घेऊन. विटा, सिमेंट आणि जिन्याची रुंदी यांच्याशी माझा संबंध आला तो घर बांधताना, तेवढाच. पण माझा एक भाचा अमेरिकेत नोकरी करतो. वृद्धांसाठीच्या निवासांचे नकाशे तपासणे हे त्याचे काम. मागे तो आला असताना मी सहज म्हटले, "वृद्धाश्रमाच्या नकाशात वेगळे ते काय असणार? पायऱ्या कमी आणि न्हाणीघरात धरायला दांडा, एवढेच ना?" तो म्हणाला, "मामू, ते नंतर. आगीची घंटा वाजली तर आतला माणूस आपला आपण बाहेर येईल का, हे आधी ठरवावे लागते. पुढचे सगळे त्यावर." त्या एका प्रश्नावर तिथला कायदा कसा उभा आहे, ते आज सांगतो.

आधी दोन शब्द समजून घेऊ. 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणजे जिथे म्हातारी माणसे आपापल्या खोलीत राहतात, पण आंघोळ, कपडे, जेवण, औषधांच्या वेळा यांसाठी त्यांना मदत मिळते. ते इस्पितळ नव्हे. 'मेमरी केअर' म्हणजे अल्झायमर किंवा तत्सम आजाराने ज्यांची स्मृती हरवत चालली आहे, त्यांच्यासाठीचा निवास. पुष्कळदा तो पहिल्या प्रकारच्या इमारतीतलाच एखादा मजला असतो, फक्त त्याच्या दाराला कुलूप असते.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी 'इंटरनॅशनल बिल्डिंग कोड' नावाची संहिता आधाराला घेतात. तिची पहिली आवृत्ती २००० साली निघाली आणि दर तीन वर्षांनी ती सुधारली जाते. राज्ये आणि शहरे आपापले फेरफार करून ती स्वीकारतात. या संहितेत प्रत्येक इमारतीला एक गट मिळतो. दुकान, शाळा, नाटकगृह, तुरुंग, प्रत्येकाचा गट निराळा. भिंत किती वेळ आग सोसेल, किती मजले चढवता येतील, छताला पाण्याचे फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, कोणत्या दर्जाचे हवेत, हे सगळे त्या गटावरून ठरते.

म्हाताऱ्यांच्या निवासाला गट देताना दोन गोष्टी पाहतात. पहिली, माणसे किती. नोकरचाकर सोडून पाच किंवा त्याहून कमी माणसांची देखभाल होत असेल, तर ते साध्या घरासारखे धरतात. सहा ते सोळा असतील तर 'आर-४' हा गट, सोळापेक्षा जास्त असतील तर 'आय-१'. दुसरी गोष्ट, माणसे कशी आहेत. ज्यांना चोवीस तास वैद्यकीय शुश्रूषा लागते आणि ज्यांना स्वतःचा जीव स्वतः वाचवता येणार नाही, असे पाचाहून अधिक लोक असतील तर ती इमारत 'आय-२' मध्ये, म्हणजे इस्पितळांच्या पंगतीत जाते. तिथे नियम सर्वांत कडक, आणि बांधकामाचा खर्चही तसाच.

आता अडचण पाहा. एक आजोबा रोज सकाळी बागेत तीन फेऱ्या मारतात, पण घंटा वाजली की ती कशाची हेच त्यांना उमगत नाही. त्यांना कुठे बसवायचे? इस्पितळात घालावे असे ते आजारी नाहीत. पण स्वतःहून जिना उतरतील, याचीही खात्री नाही. संहितेच्या २०१५ च्या आवृत्तीने यासाठी 'आय-१' आणि 'आर-४' या गटांचे दोन भाग केले. पहिल्या भागात कोणाच्याही मदतीशिवाय बाहेर पडू शकणारे. दुसऱ्या भागात ज्यांना थोडी मदत लागते ते, मग ती मदत हाताची असो वा शब्दाची. 'आजोबा, चला, इकडून,' एवढे कोणीतरी म्हणावे लागते, हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने मदतच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटली. एका वाक्याची गरज आहे, हे ओळखून कायद्याने इमारतीची भिंत बदलली.

कारण भिंत खरोखरच बदलते. 'आय-१' च्या दुसऱ्या भागात प्रत्येक मजला धूर अडवणाऱ्या भिंतीने निदान दोन भागांत विभागावा लागतो. एका बाजूला आग लागली तर सगळ्यांना जिन्याने खाली नेण्याऐवजी आधी त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या बाजूला न्यायचे. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने अधिक मरतात. म्हाताऱ्या माणसाला तीन जिने उतरवण्यापेक्षा एका दारापलीकडे नेणे सोपे, आणि तेवढ्यात अग्निशामक दल पोचते.

आता त्या कुलपाकडे येऊ. आमच्या अम्मीचे शेवटचे दिवस आठवतात. फजरच्याही आधी उठून ती दाराशी जाई आणि म्हणे, "मला माझ्या घरी जायचे आहे." ते घर पन्नास वर्षांपूर्वीच पडले होते. आम्ही दाराला वर, तिचा हात पोचणार नाही अशा जागी, एक कडी लावली, आणि आम्हा भावंडांपैकी कोणीतरी पाळीने दाराजवळ अंथरूण घातले. कडी तिला रस्त्यापासून वाचवीत होती. पण रात्री घरात काही पेटले असते, तर तीच कडी तिच्या आड आली असती. म्हणून दाराशी माणूस हवा होता. असे पेशंट ज्या घरात आहेत, त्या प्रत्येक घरात ही कडी असते.

संहितेने ही कडी मान्य केली आहे, पण अटींवर. दार ढकलले की भोंगा वाजतो आणि साधारण पंधरा सेकंदांनी दार उघडते, असे एक कुलूप असते. पण विसरभोळी आजी दार धरून उभीच राहिली, तर पंधरा सेकंदांनी ती थंडीत रस्त्यावर. म्हणून जिथे रहिवाशांच्या आजारासाठी गरज आहे, तिथे पूर्ण बंद राहणारे दार चालते. त्याच्या अटी अशा: आग ओळखणारी यंत्रणा किंवा स्प्रिंकलर सुरू होताच कुलूप आपोआप सुटले पाहिजे. वीज गेली तरी सुटले पाहिजे. परिचारिकेच्या जागेवरून ते उघडता आले पाहिजे. देखभाल करणाऱ्या प्रत्येकाजवळ किल्ली किंवा संकेतांक असला पाहिजे. आणि बाहेरच्या वाटेला लागेपर्यंत असे एकच दार ओलांडावे लागावे, दोन नव्हे. आम्ही दाराशी माणूस झोपवत होतो, त्याचेच हे कायद्यातले रूप.

एवढे करूनही एक गोष्ट राहते. इमारत आहे तशी राहते, माणूस तसा राहत नाही. ज्या आजी सत्तराव्या वर्षी काठी टेकत आल्या, त्या ऐंशीव्या वर्षी त्याच खोलीत असतात, पण आता उठवून बसवावे लागते. खोली पहिल्या भागातली, आजी दुसऱ्या भागातली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लिल-व्हेर्त नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या वृद्धनिवासाला २३ जानेवारी २०१४ च्या रात्री आग लागली आणि बत्तीस माणसे गेली. राहणारे बहुतेक अतिवृद्ध, अनेकांना चालायला आधार लागे. त्या इमारतीचे दोन भाग होते. नव्या भागात स्प्रिंकलर होते, जुन्यात नव्हते, आणि मध्ये आग अडवणारी भिंत. जुना भाग जळून गेला, भिंतीपलीकडचा नवा भाग उभा राहिला. आतली माणसे दोन्हीकडे सारखीच म्हातारी होती.

पाटीवर काय लिहिले आहे, यानेही फरक पडतो. २००३ साली हार्टफर्ड आणि नॅशव्हिल इथल्या नर्सिंग होमना आगी लागल्या. त्यानंतर अमेरिकेच्या केंद्र सरकारने सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या सगळ्या नर्सिंग होमना ऑगस्ट २०१३ पर्यंत स्प्रिंकलर बसवणे भाग पाडले. 'असिस्टेड लिव्हिंग' अशी पाटी असलेल्या घरांना तो नियम नव्हता. त्यांचे परवाने ज्या त्या राज्याच्या हाती.

आपल्याकडे काय? २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत संस्थात्मक इमारतींचा 'क' नव्हे, इंग्रजी 'सी' हा गट आहे. 'सी-१' मध्ये इस्पितळे. 'सी-२' मध्ये वृद्धाश्रम आणि अनाथाश्रम. 'सी-३' मध्ये तुरुंग आणि मनोरुग्णालये, म्हणजे जिथे दारे बंद असतात. स्मृतिभ्रंशाच्या निवासासाठी निराळा उपगट नाही. राहणारा वृद्ध म्हणून तो 'सी-२' चा, दाराला कुलूप म्हणून 'सी-३' सारखा. आणि आज आपल्या शहरांत असे निवास कुठे बंगल्यात, कुठे इमारतीच्या एखाद्या मजल्यावर उभे राहत आहेत.

आईवडिलांना तिथे ठेवायची वेळ कोणावरही येऊ शकते. तेव्हा बाग कशी आहे, जेवण कसे आहे, हे जरूर पाहा. पण काही प्रश्न आणखी विचारा. रात्री दोन वाजता इथे जागे किती जण असतात? या दाराची किल्ली कोणाकडे असते? वीज गेली तर हे कुलूप सुटते का? धूर झाला तर माझ्या आईला कुठल्या दारापलीकडे नेणार, आणि कोण नेणार? रात्रीच्या वेळी याची रंगीत तालीम कधी घेतली होती? आणि उत्तर ऐकताना आज चालणारी आई नव्हे, तीन वर्षांनंतरची आई डोळ्यांसमोर आणा. राहणार ती आहे.