जुन्या मोटारी, विरळ होत चाललेले कसब : ब्रिटिश गाड्यांचे मेळावे कशासाठी?

हिवाळा सुरू झाला, की देशातील मोठ्या शहरांत एखाद्या रविवारी सकाळी जुन्या मोटारींचा मेळावा भरतो. पितळी दिवे, तारांची चाके आणि लांबट बॉनेट पाहण्यासाठी गर्दी जमते आणि छायाचित्रे काढली जातात. गाड्यांचे मालक आणि त्यांच्यासोबत आलेले मेकॅनिक मात्र बराच वेळ उघड्या बॉनेटवर वाकून एकमेकांशी बोलत असतात. गाडी प्रथम कोणी घेतली, ती कोणाकडून कोणाकडे गेली, कार्ब्युरेटरची सुई कोणत्या मापाची बसली, गिअरपेटीत कोणते तेल चालले, असे त्यांच्या बोलण्याचे विषय असतात.

वरवर पाहता या आठवणींच्या गप्पा वाटतात. परंतु जुन्या ब्रिटिश मोटारी आज रस्त्यावर चालू शकतात, त्यामागे या गप्पांचा मोठा वाटा आहे. या गाड्या बनवणारे बहुतेक कारखाने बंद झाले असून त्या दुरुस्त करणारी पिढी वृद्ध झाली आहे. लोखंड जपता येते, पण ते चालते ठेवण्याचे ज्ञान माणसांकडून माणसांकडेच जाते.

व्हिंटेज म्हणजे नेमके काय?

‘व्हिंटेज’ हा शब्द आपल्याकडे कोणत्याही जुन्या गाडीसाठी वापरला जातो. ब्रिटनमध्ये मात्र त्याला निश्चित अर्थ आहे. तेथे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या व्याख्येनुसार १९१९ ते १९३० या काळात बनलेली मोटार व्हिंटेज ठरते. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध दौडीत १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्या मोटारींनाच प्रवेश मिळतो आणि त्यांना ‘व्हेटरन’ म्हणतात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजेच फिवाने, किमान ३० वर्षे जुने, मूळ स्वरूपात जपलेले आणि रोजच्या वाहतुकीसाठी न वापरले जाणारे वाहन ऐतिहासिक मानले आहे. हा महासंघ १९६६ मध्ये स्थापन झाला.

भारतातील मेळाव्यांत साधारणतः दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मोटारींना व्हिंटेज आणि त्यानंतरच्या मोटारींना क्लासिक म्हणण्याची प्रथा आहे. भारतीय कायद्याने मात्र ५० वर्षांची वेगळी मर्यादा ठरवली आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

दौडीची परंपरा

मोटारींच्या मेळाव्यांची परंपराच ब्रिटनमधील एका कायद्याच्या आठवणीतून सुरू झाली. १८६५ च्या कायद्यानुसार रस्त्यावरील यांत्रिक वाहनापुढे लाल निशाण घेऊन एका माणसाने चालणे बंधनकारक होते. पुढे निशाणाची सक्ती उरली नाही, तरी पुढे चालणारा माणूस कायम राहिला. १८९६ च्या कायद्याने हलक्या मोटारींना या अटीतून मुक्त केले आणि वेगमर्यादाही वाढवली. त्या आनंदाप्रीत्यर्थ १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची पहिली दौड निघाली. १९२७ मध्ये या घटनेच्या स्मरणार्थ जुन्या मोटारींची दौड पुन्हा आयोजित करण्यात आली. काही वर्षांचे खंड वगळता ती आजवर नोव्हेंबरमध्ये होत आली आहे.

भारतात ‘द स्टेट्समन’ या इंग्रजी दैनिकाने १९६४ मध्ये दिल्लीत आणि १९६८ मध्ये कोलकात्यात अशा मोटारींची रॅली सुरू केली. दिल्लीच्या रॅलीशी जोडले गेलेले एक वाहन सर्वसाधारण मोटारींपेक्षा वेगळे आहे. मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्ड येथील जॉन मॉरिस कंपनीने १९१४ मध्ये बनवलेला हा अग्निशामक बंब निजामाच्या हैदराबाद संस्थानात आला होता. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याच्या चाकांना हवा भरण्याचे नव्हे, तर भरीव रबराचे टायर आहेत. शंभरी ओलांडलेले असे वाहन चालू अवस्थेत ठेवण्यासाठी ते नियमितपणे सुरू करावे लागते आणि त्याची सवय असलेले हात लागतात.

भारतात ब्रिटिश मोटारी कशा रुजल्या?

ब्रिटिश राजवटीत संस्थानिक, अधिकारी, डॉक्टर, वकील आणि व्यापारी यांनी इंग्लंडहून मोटारी आणल्या. संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसची चर्चा अधिक झाली. मात्र मध्यमवर्गाला परवडली ती ऑस्टिन आणि मॉरिसची छोटी गाडी. १९२२ ते १९३९ या काळात बनलेल्या ऑस्टिन सेव्हनने ब्रिटनमध्येच हजारो कुटुंबांना प्रथम चार चाकांवर बसवले.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात मोटारनिर्मिती सुरू झाली, तीही बऱ्याच अंशी ब्रिटिश आराखड्यांवर. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सने मॉरिसच्या गाड्या ‘हिंदुस्थान’ या नावाने बनवल्या. मद्रासमध्ये १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सने ऑस्टिनच्या गाड्यांची जुळणी केली आणि याच कंपनीची पुढे अशोक लेलँड झाली. मद्रासच्याच स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेराल्ड ही गाडी बाजारात आणली. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने मात्र अमेरिकन आणि नंतर इटालियन गाड्यांची वाट धरली.

या सर्वांत दीर्घायुषी ठरली ती अ‍ॅम्बॅसेडर. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती इंग्लंडमध्ये १९५६ ते १९५९ अशी जेमतेम तीन वर्षे बनली. तिच्यावरून घडवलेली अ‍ॅम्बॅसेडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून मे २०१४ पर्यंत बनत राहिली. तिच्यात दीर्घकाळ वापरले गेलेले १,४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन ब्रिटनमधील एमजी कंपनीच्या एमजीए या क्रीडामोटारीच्या इंजिनाचे भावंड होते. त्यामुळे ब्रिटनमध्ये जे कसब हौशी मंडळींपुरते उरले, ते भारतात टॅक्सीचालकांच्या आणि नाक्यावरच्या गॅरेजमध्ये अनेक दशके रोजच्या वापरात राहिले. या मेळाव्यांतील भारतीय मेकॅनिकच्या आठवणींना म्हणूनच विशेष मोल आहे.

यंत्रातील खाचाखोचा

या गाड्यांच्या दुरुस्तीला वेगळे ज्ञान का लागते, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण करआकारणीचे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीच्या प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर घेतला जाऊ लागला. ही अश्वशक्ती इंजिनाची ताकद मोजून नव्हे, तर सूत्राने काढली जाई. सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग करून त्याला सिलिंडरच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे, असे ते सूत्र होते. त्यात पिस्टन किती अंतर वर-खाली जातो याचा हिशेब नव्हता. कर वाचवण्यासाठी कारखान्यांनी अरुंद सिलिंडरची आणि लांब पल्ल्याच्या पिस्टनची इंजिने बनवली. ऑस्टिन सेव्हन, मॉरिस एट ही नावे या करातील अश्वशक्तीवरून पडली. १९४८ मध्ये ही पद्धत संपली, पण तिच्या छायेत घडलेली इंजिने आजही आहेत. ती कमी फेऱ्यांवर नेटाने ओढतात. आजच्या गाडीप्रमाणे जोरात फिरवली तर त्यांच्या बेअरिंगवर ताण येतो.

दुसरे उदाहरण नट-बोल्टांचे. जोसेफ व्हिटवर्थ या ब्रिटिश अभियंत्याने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले. या पद्धतीच्या पान्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याची रुंदी दाखवत नाही, तर आट्यांच्या दांड्याचा व्यास दाखवतो. मेट्रिक पाना लावल्यास तो सैल बसतो आणि डोके झिजते. मॉरिसच्या अनेक इंजिनांत गुंता आणखी वाढतो. ही इंजिने प्रथम कव्हेंट्रीतील हॉचकिस या मूळच्या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात बनली आणि तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. त्यामुळे बोल्टचे आटे मेट्रिक आणि डोके व्हिटवर्थच्या पान्यात बसणारे, असा संकर झाला. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक चुकीचा बोल्ट जोराने पिळतो आणि इंजिनाच्या ठोकळ्यातील आटे कायमचे बिघडवतो.

तिसरे उदाहरण विजेच्या जोडणीचे. अनेक जुन्या ब्रिटिश मोटारींत, साधारणतः १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. सवयीने उलट जोडणी केल्यास विजेची उपकरणे निकामी होऊ शकतात.

इंधनाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय आवश्यक होता. परंतु जुन्या इंजिनांतील व्हॉल्व्हच्या बैठकींना शिशामुळे संरक्षण मिळत असे. आता लेथवर काम करून तेथे कठीण धातूच्या कड्या बसवाव्या लागतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल ओलावा शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या व बुचाचे सील त्यात टिकत नाहीत. कोणता सील बदलला आणि कोणती नळी तग धरते, हे कारखान्याच्या जुन्या पुस्तिकेत सापडणार नाही. ते अनुभव घेतलेल्या दुसऱ्या मालकाकडूनच कळते.

कायदा काय सांगतो?

जुनी आणि प्रदूषण करणारी वाहने मोडीत काढण्याचे धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र तरतूद करण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी व चारचाकी वाहने तिच्यात येतात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षे वैध राहते. आधीच नोंदणी झालेल्या वाहनाला आपला मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, तसेच इंधन भरणे व देखभाल यांसाठी असे वाहन रस्त्यावर आणता येते. नियमित प्रवासासाठी किंवा व्यवसायासाठी त्याचा वापर करता येत नाही.

या नियमांतील कळीची अट मूळ स्वरूपाची आहे. वाहनाची चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, असे अपेक्षित आहे. भारतात सुटे भाग मिळेनासे झाल्यावर अनेक मालकांनी गाडी चालती ठेवण्यासाठी दुसरे इंजिन बसवले. काहींनी पेट्रोलऐवजी डिझेल इंजिन घातले. त्या काळी तो नाइलाज होता, आज तोच अडसर ठरू शकतो. ५० वर्षांच्या अटीमुळे १९८० च्या दशकातील अ‍ॅम्बॅसेडरसारख्या गाड्याही अद्याप या संरक्षणाबाहेर आहेत.

गाडी मूळ स्वरूपात आहे हे ठरवायचे कशावरून? ब्रिटनमध्ये गेडन येथील ब्रिटिश मोटर म्युझियमकडे ऑस्टिन, मॉरिस, एमजी अशा अनेक गाड्यांच्या कारखान्यातील नोंदी आहेत. चॅसी क्रमांक दिल्यास, नोंद उपलब्ध असेल तर, गाडी कोणत्या दिवशी बनली, तिचा मूळ रंग व इंजिन क्रमांक कोणता होता, याचे प्रमाणपत्र मिळते. परंतु गाडी भारताच्या बंदरावर उतरल्यानंतरचा तिचा इतिहास त्या वहीत नाही. तो येथील आरसी बुकात, गॅरेजच्या बिलांत, कौटुंबिक छायाचित्रांत आणि लोकांच्या स्मरणात आहे.

आठवणी नोंदवण्याची गरज

जुन्या मोटारी हे धनिकांचे छंद आहेत, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात काही तथ्यही आहे. दुर्मीळ मोटारीची किंमत आणि देखभालीचा खर्च सामान्यांच्या आवाक्याबाहेर असतो. मात्र या गाड्यांचा इतिहास केवळ मालकांचा नाही. हँडल मारून इंजिन सुरू करणारा चालक, मिळत नसलेला भाग लेथवर घडवणारा कारागीर, पत्रा ठोकून मडगार्डाचा मूळ बाक परत आणणारा मिस्त्री यांचाही तो इतिहास आहे. बक्षीस स्वीकारायला मालक पुढे येतो आणि कारागिराचे नाव बहुधा कोठेच लिहिले जात नाही.

ही उणीव भरून काढणे खर्चिक नाही. ज्या घरात जुनी गाडी आहे किंवा पूर्वी होती, त्यांनी तिची नोंदणीपुस्तिका, विमा व खरेदीची कागदपत्रे आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. छायाचित्राच्या मागे वर्ष, ठिकाण आणि त्यातील व्यक्तींची नावे लिहावीत. गाडीचे काम केलेल्या मिस्त्रीला गाठून कोणता भाग कधी व कशासाठी बदलला हे विचारावे आणि त्याच्या नावासह नोंदवावे. मेळावे भरवणाऱ्या संस्थांनाही गाड्यांच्या यादीबरोबर अशा नोंदींची वही ठेवता येईल.

गाडी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे उभी राहिली, तरी पुढे कधीतरी दुरुस्त करता येते. ती कशी दुरुस्त करायची हे जाणणारा माणूस निघून गेला, तर त्याच्याबरोबर गेलेले ज्ञान परत मिळवता येत नाही. रविवार सकाळच्या त्या गप्पा म्हणूनच ऐकण्याजोग्या आहेत, आणि लिहून ठेवण्याजोग्याही.