‘जीभ आवर’ म्हणणाऱ्यांसाठी

टेन्शन आलं की खात सुटतो, असं कुणी चुकून बोलून गेलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं : ‘जिभेवर ताबा ठेव. उद्या एक कडक उपास कर, आपोआप ताळ्यावर येशील.’ सांगणारी कधी मावशी असते, कधी जिमचा ट्रेनर, कधी ऑफिसात डबा खाताना शेजारी बसणारा आणि नुकतीच साखर सोडलेला एखादा हितचिंतक. हा सल्ला इतक्या तोंडून ऐकलाय की आता गप्प बसवत नाही. तो नुसता बिनकामाचा असता तर सोडून दिला असता. पण तो दुखणं वाढवतो.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते ठरवू. लग्नात चार जिलब्या जास्त झाल्या किंवा मॅच बघता बघता वेफर्सचं पाकीट संपलं, ते हे नव्हे. इथे घरातली माणसं झोपलेली असतात. उद्याच्या मीटिंगची नाहीतर थकलेल्या हप्त्याची धास्ती छातीत बसलेली असते. दिवा न लावता, झाकण बोटांनी दाबून धरत, आवाज न करता चिवड्याचा डबा उघडला जातो. चिवडा झाला की गूळ-पोळी, मग फ्रिजमधला गार भात तसाच, मग मुलांच्या डब्यासाठी आणलेली बिस्किटं. सगळं उभ्यानं आणि भराभर, चवीकडे लक्ष न देता. पोट दुखायला लागलं की हात थांबतो. रिकामं पाकीट कचऱ्याच्या डब्यात भाजीच्या सालांखाली दडपलं जातं आणि अंथरुणावर पडल्यावर स्वतःची किळस येते. याला जिभेचे चोचले म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की गार भातात जिभेला काय सुख असतं?

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी अशा खाण्याचं वर्णन 1959 मध्येच करून ठेवलं होतं. 2013 मध्ये अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम-5’ या निदानपुस्तिकेनं ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ला स्वतंत्र आजाराचं स्थान दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आता आहे. डीएसएमनुसार आठवड्यातून निदान एकदा, सलग तीन महिने असं होत असेल, खाताना ताबा सुटल्यासारखं वाटत असेल आणि नंतर त्याचा मनस्ताप होत असेल, तर निदानाचा विचार होतो. निकषांत भूक नसताना खाणं आहे आणि लाजेपोटी एकट्यानं खाणंही आहे. ‘संस्कार कमी पडले’ असा निकष मला कुठे सापडला नाही.

आता त्या कडक उपासाकडे येऊ. 1944 च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीझ यांनी 36 तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे स्वयंसेवक शरीरानं-मनानं ठणठणीत आहेत ना, हे तपासूनच निवडलेले होते. 24 आठवडे त्यांना दिवसाला साधारण 1570 कॅलरींवर ठेवलं आणि त्यांचं वजन जवळपास पाव हिश्शानं उतरलं. डोक्यात दुसरा विषय उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसू लागले. पुढे हवं तेवढं खायची मुभा मिळाल्यावर काहींनी पोट फुटेस्तोवर खाल्लं, तरी त्यांचं समाधान होईना. कीझ यांचा दोन खंडी ग्रंथ 1950 मध्ये आला, त्यात हे सगळं नोंदलेलं आहे. एक दिवसाचा उपास म्हणजे चोवीस आठवड्यांची उपासमार नव्हे, हे मान्य. पण धडधाकट माणसाचाही खाण्यावरचा ताबा नुसत्या उपासमारीनं सुटतो, हे तिथे दिसलं.

छोट्या मापाचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. 1975 मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजला आणि मग चव सांगण्याच्या निमित्तानं पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं. एरवी मनमोकळं खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे, तर आता होऊन जाऊ दे! एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्या आज्यांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक होतं. तरी सल्ला मात्र उपासाचाच.

चिंता असलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे चक्र फारच पक्कं बसतं. रात्री खाल्लं म्हणून सकाळी नाश्ता नाही, दुपारी नुसती काकडी. संध्याकाळी हातपाय थरथरतात, छातीत धडधडतं, चिडचिड होते. भुकेची ही लक्षणं आणि चिंतेची लक्षणं इतकी सारखी, की कोण कुठलं ते कळेनासं होतं. त्यात साहेबाचा एक मेसेज आला की रात्रीचा डबा उघडलाच समजा.

म्हणून उपचारांची पहिली पायरी नेमकी उलटी असते. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी रुळवलेल्या पद्धतीत आधी वेळेवर खायला लावतात : तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडंसं, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त अंतर नाही. रात्री घोळ झाला असेल त्याच्या दुसऱ्या दिवशीही, किंबहुना त्या दिवशी तर नक्कीच, पोहे खायचे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट सांगतात की उपचार चालू असताना वजन उतरवण्यासाठी डाएट करू नका, त्यानं असं खाणं उसळण्याचीच शक्यता जास्त. आहार कुणाचा पाळावा, दीक्षितांचा की दिवेकरांचा, हा घरोघरी रंगलेला वाद इथे गैरलागू आहे. तो वजनाचा आणि साखरेचा वाद. मधुमेह असेल तर वेळा डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि चतुर्थी सोडा असं मी म्हणत नाही. देवासाठीचा उपास आणि स्वतःला शिक्षा म्हणून केलेला उपास यातला फरक करणाऱ्याला आतून माहीत असतो.

‘पण खाल्लं की बरं वाटतं ना!’ वाटतं, खोटं नाही. त्याचं श्रेय चिवड्याला द्यायचं का, एवढाच प्रश्न आहे. मिनेसोटातच ट्रेसी मान यांच्या गटानं लोकांना मन उदास करणारी चित्रफीत दाखवली. मग काहींना त्यांचा लाडका खाऊ दिला, काहींना साधं काही, काहींना काहीच नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की मनःस्थिती सगळ्यांचीच जवळपास सारखी सावरली. लाट आपली आपण ओसरते आणि नाव खाऊचं होतं. म्हणून हात डब्याकडे गेला की आधी विचारावं, शेवटचं जेवण कधी झालं? चार तास उलटले असतील तर ती भूक आहे. दिवा लावून, ताटात वाढून, बसून जेवावं. भूक नसेल तर वीसेक मिनिटं काढायची असतात. श्वास सोडताना लांबवावा, सोसायटीत दोन चकरा माराव्यात, डोक्यात घोळणारी काळजी कागदावर उतरवून त्यातलं उद्या सकाळी हातात असलेलं एक काम ठरवावं, कुणाला तरी फोन करावा. दर वेळी जमेल असं नाही. नाही जमलं तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत.

बाकीचे समज झटपट उरकू. हे जाड माणसांचंच दुखणं आहे? नाही, अंगानं बेताची माणसंही त्यात असतात. बायकांचंच? 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत आयुष्यात कधी ना कधी हा आजार झालेल्या स्त्रिया 3.5 टक्के होत्या, तर पुरुष 2 टक्के. घरात फरसाण ठेवलं नाही की मिटलं? गार भात विसरलात, आणि मध्यरात्री दाराशी पार्सल आणणारी ॲपंही. भूक मारायला कडक चहा? धडधड वाढेल. व्यायामानं जाळून टाकू? चालण्यानं चिंता हलकी होते, जरूर चाला. पण खाल्ल्याची फेड म्हणून पळणं हा उपासाचाच सख्खा भाऊ.

खाल्लेलं उलटून काढणं किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणं सुरू झालं असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. एरवीही आठवड्यागणिक हे घडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर 2022 पासून आहे, क्रमांक 14416, आणि तिथे मराठीत बोलता येतं. बोलताना वजनापासून सुरुवात करू नका. रात्री काय होतं, आठवड्यातून किती वेळा होतं आणि त्या दिवशी सकाळपासून काय काय खाल्लं नव्हतं, ते आधी सांगा.